स्वस्त लिव्हर रायफल: एक अनुभव

संपादक महोदय,

.२२ लाँग रायफल या छोट्या काडतुसाच्या स्वस्त लिव्हर-अ‍ॅक्शन (चापाजवळचा दांडा, म्हणजे लिव्हर, फिरवून पुढचे काडतूस भरणाऱ्या) रायफलींना केवळ खेळणे समजणाऱ्यांशी, अशी एक रायफल अनेक वर्षे वापरल्यानंतर, मी सहमत होऊ शकत नाही. बाहेरचे आवरण जस्ताच्या मिश्रधातूचे असले तरी पोलादी नळीची अचूकता ५० मीटरवर मला पुरेशी वाटली. काडतूस अडकण्याचे प्रसंग आले खरे. पण लिव्हर बिचकत, अर्धवट ओढण्याची माझीच सवय त्यामागे होती, आणि तो शेवटपर्यंत ठामपणे फिरवू लागल्यावर तक्रार उरली नाही. नळीखालच्या मॅगझिनमध्ये १५ काडतुसे मावतात, मात्र ती भरताना हात नळीच्या तोंडाजवळ जातो, हे विक्रेत्याने मला सांगितले नव्हते. रिकाम्या रायफलीचा चापही ओढू नये. काडतुसावर आघात करणारी फायरिंग पिन आदळून काडतूस-कक्षाची कड दबू शकते.

आपला,
एक हौशी नेमबाज