शनिवारी रात्री मुलांना काय दाखवावं

चि. मृण्मयी,
अनेक आशीर्वाद.

मुलांसाठी इतिहासावरच्या माहितीपटांची यादी मागितली आहेस. ती खाली देतोच, पण आधी टीव्हीचं बघ. नव्या टीव्हीत चित्र गुळगुळीत करणारी एक सोय घेतल्या दिवसापासून चालूच असते. एलजीत तिला ट्रूमोशन म्हणतात, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये टीव्ही स्वतः बनवलेली चित्रं घालतो. क्रिकेटला ते चालून जातं. जुन्या फिल्मवर मात्र पळणाऱ्या माणसाच्या पायांभोवती पाणी हलल्यासारखं दिसतं आणि १९४२ चं चित्रण कालपरवा मोबाइलवर काढल्यासारखं वाटतं. ती सोय बंद कर. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तोच लाव, त्यात ती आपोआप बंद होते.

दुसरं, चित्राचा आकार. जुनं चित्रण बहुतेक चार-बाय-तीनचं, म्हणजे जवळजवळ चौकोनी असतं. डावीउजवीकडे काळे पट्टे दिसणारच. ते घालवायला मकरंदराव रिमोटवरचं झूम दाबतील, दाबू देऊ नकोस. पडदा भरतो, पण वरखाली मिळून चित्राचा चौथा हिस्सा कापला जातो आणि त्यात डोक्यावरच्या टोप्या आणि खाली लिहिलेली नावं जातात. ताणून भरलं तर चर्चिल आहे त्याहून जाडा दिसतो.

आता यादी. सुरुवात 'अपोलो ११' पासून कर (२०१९, टॉड डग्लस मिलर). ९३ मिनिटांचा आहे आणि ईरासुद्धा शेवटपर्यंत बसेल. त्यात निवेदक नाही, मुलाखती नाहीत, नंतर नटांकडून करवून घेतलेली दृश्यं नाहीत. जे दिसतं ते जवळजवळ सगळं १९६९ मध्ये चित्रित झालेलं आणि जे बोलणं ऐकू येतं ते यानातलं, नियंत्रण कक्षातलं किंवा त्या वेळच्या टीव्हीवरचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पडून असलेली ६५ मिलिमीटरची मोठी फिल्म त्यासाठी बाहेर काढली, म्हणून चित्र इतकं स्वच्छ आहे. संगीत तेवढं नवीन. अडचण एकच: कोण कोण आहे हे कुणी सांगत नाही. सबटायटल चालू ठेव आणि बसण्याआधी पाच मिनिटं मुलांना यानाचे दोन भाग कागदावर काढून दाखव, चंद्रावर उतरणारा आणि वर फेऱ्या मारत राहणारा. तिसरा अंतराळवीर कॉलिन्स खाली का उतरला नाही, हे तेव्हाच समजलं पाहिजे. नाहीतर पुढचा तासभर तोच प्रश्न चालू राहील.

ओजससाठी मात्र मुख्य मालिका एकच सुचवतो, 'द वर्ल्ड ॲट वॉर'. ब्रिटनच्या थेम्स टेलिव्हिजनने १९७३-७४ मध्ये दाखवलेली, जेरेमी आयझॅक्सची निर्मिती, निवेदन लॉरेन्स ऑलिव्हिए. एकूण २६ भाग, प्रत्येक साधारण ५२ मिनिटांचा. पन्नास वर्षं होऊन गेली, तरी दुसऱ्या महायुद्धावर याहून चांगलं काही मी सुचवणार नाही. कारण सरळ आहे: तेव्हा माणसं जिवंत होती. हिटलरचा शस्त्रास्त्रमंत्री श्पेअर, नौदलप्रमुख डोनिट्झ आणि हिटलरची टंकलेखिका ट्राउडल युंगे स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून बोलतात, आणि त्यांच्याइतकाच वेळ लंडनच्या बॉम्बहल्ल्यात घर गेलेल्या साध्या माणसांना मिळतो. श्पेअर फार सफाईने बोलतो. ओजसला सांग, वीस वर्षं तुरुंगात काढून आलेला हा माणूस स्वतःची बाजू मांडतो आहे. त्याला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे त्याच्याच तोंडून ऐकून खरं धरायचं नाही.

घेताना आवृत्ती तपास. २०१० मध्ये या मालिकेचं चित्र साफ करून नवी आवृत्ती काढली, पण ती करताना रुंद टीव्हीत बसावी म्हणून वरखाली कापली. जुनी, चार-बाय-तीनची मिळाली तर तीच घे, थोडी धुरकट असली तरी. फुकट सापडणाऱ्या चोरट्या प्रतींत वेगळीच गोम असते. कॉपीराइटच्या यंत्रणेला चकवायला चित्र आरशासारखं उलटं करतात किंवा वेग वाढवतात. ओळखायचं कसं? दुकानांच्या पाट्या उलट्या दिसतात, ऑलिव्हिएचा आवाज चिरका येतो आणि भाग ४८ मिनिटांतच संपतो.

सगळे २६ भाग आठवड्याला एक असे बघायचे तर सहा महिने जातील. दहावीच्या वर्षात तेवढा वेळ नसेल तर १, ३, ५, ९, १३, १४, १६, २०, २४ आणि २६ हे घे. पहिल्यात जर्मनी युद्धाकडे कसा गेला ते आहे, तो गाळला तर बाकीचे अधांतरी राहतात. तिसऱ्यात फ्रान्सचा पाडाव, पाचव्यात रशियावरची चढाई, नवव्यात स्टालिनग्राड. सोळावा जर्मनीतल्या घराघरातला आहे. २४ वा अणुबॉम्बचा.

तेरावा इटलीचा. आपल्या लोकांसाठी तो महत्त्वाचा आहे, पण अर्धवट आहे. त्याची गोष्ट रोमपाशी, जून १९४४ ला संपते. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे टायबरच्या वरच्या खोऱ्यात एका मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि पडले ते १० जुलै १९४४ ला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नामदेव जाधवांना तोच मान एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठच्या लढाईसाठी मिळाला. हे दोघंही या भागाच्या बाहेर राहतात, तेव्हा तो संपल्यावर नकाशा उघडून रोमच्या उत्तरेला बोट ठेवून तू सांग. गोव्याला जाताना माणगावला घाडग्यांचा पुतळा लागतो, तोही दाखवता येईल.

चौदावा भाग ब्रह्मदेशाचा. इंफाळ आणि कोहिमाच्या लढाया त्यातच येतात. भारतीय सैन्य डोळ्यांनी बघायचं तर हाच. पण बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाला या मालिकेत स्वतंत्र भाग नाही, आणि लाखो माणसं मेलेली गोष्ट अशी बाजूला राहणं ही त्या काळच्या ब्रिटिश नजरेची मर्यादा आहे. तशीच आणखी एक. दहाव्या भागात अटलांटिकमधल्या जर्मन पाणबुड्यांचा पराभव दाखवला आहे, पण जर्मनांचे सांकेतिक संदेश इंग्रज वाचत होते ही गोष्ट त्यात सापडत नाही. ते गुपित लोकांसमोर नीट आलं १९७४ मध्ये, मालिका तयार झाल्यावर. जुना माहितीपट बघताना तो कुठल्या साली केला हे आधी बघायचं, ते यासाठी.

विसावा भाग ज्यूंच्या संहाराचा. ईराला अजिबात नको. ओजसने बघावा, पण एकट्याने नाही आणि झोपायच्या वेळी नाही, रविवारी सकाळी लाव. पहिल्याच भागाची सुरुवातही ओस पडलेल्या ओरादूर या फ्रेंच गावापासून होते. जर्मन सैनिकांनी तिथे १० जून १९४४ ला सहाशेहून जास्त माणसं मारली. दृश्य शांत आहे, पण ओजस विचारेल. उत्तर तयार ठेव.

आता जरा बारकाईने बघायची गोष्ट, कारण बहुतेक माहितीपट फसतात ते इथे. पडद्यावर दिसणारं सगळं त्याच वेळी, त्याच जागी टिपलेलं असतं असं नाही. १९१६ च्या 'द बॅटल ऑफ द सॉम' मधलं एक दृश्य पहिल्या महायुद्धावरच्या जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात वापरलेलं असतं. सैनिक खंदकातून वर चढतात, दोघं कोसळतात, बाकीचे धुक्यात जातात. ते आघाडीच्या मागे, सरावाच्या ठिकाणी बसवून घेतलेलं आहे. थांबवून बघा. खंदक उथळ आहे, समोर काटेरी तारा नाहीत, चढाईला निघालेल्या सैनिकांच्या पाठीवर पुरतं ओझं नाही. शिवाय कॅमेरा अशा उघड्या जागी उभा आहे की खरी लढाई असती तर गोळी पहिली कॅमेरामनलाच लागली असती. त्याच चित्रपटातली जखमींना खांद्यावर आणण्याची दृश्यं मात्र खरी आहेत. म्हणजे 'खोटा चित्रपट' असा शिक्का मारून मोकळं होता येत नाही, दृश्यागणिक बघावं लागतं.

रशियन क्रांतीचंही तेच. पेत्रोग्राडच्या हिवाळी राजवाड्यावर धावून जाणारी ती प्रचंड गर्दी १९१७ ची नाही. रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइनने १९२७ मध्ये चित्रपटासाठी ती जमवली. स्टालिनग्राडला दोन रशियन सैन्यं बर्फात भेटून मिठ्या मारतात, तेही नंतर कॅमेऱ्यासाठी पुन्हा केलेलं. आणि राइशस्टागवर, म्हणजे बर्लिनच्या संसद भवनावर, रशियन सैनिक झेंडा लावतात तो प्रसिद्ध फोटो घे. त्यातल्या एका सैनिकाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं होती. लूट केली असं दिसू नये म्हणून छापताना एक खरवडून काढलं. मुलांना अशा गोष्टी फार आवडतात, आणि एकदा डोळा तयार झाला की ती स्वतःच शोधू लागतात.

आवाजाचंही तसंच आहे. १९२७ च्या आधीच्या चित्रणात बुटांचा, तोफांचा, गर्दीचा आवाज आला तर तो जवळजवळ नेहमीच मागाहून घातलेला असतो. पीटर जॅक्सनच्या पहिल्या महायुद्धावरच्या 'दे शॅल नॉट ग्रो ओल्ड' मध्ये (२०१८, ९९ मिनिटं) हे अगदी उघडपणे केलं आहे. त्यातली मूळ मूक फिल्म हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यांची, सेकंदाला साधारण १३ ते १८ चित्रांची. ती २४ च्या वेगाने लावली की माणसं तुरुतुरु चालतात. त्यांनी मधली चित्रं संगणकाने भरून चाल नेहमीची केली, ओठ वाचणारे तज्ज्ञ बसवून सैनिक काय बोलतात ते काढलं आणि नटांकडून बोलवून घेतलं. रंगही भरले. म्हाताऱ्या सैनिकांचे आठवणी सांगणारे आवाज मात्र अस्सल, जुन्या ध्वनिमुद्रणांतले. सुरुवातीला चित्र पडद्याच्या मधोमध लहान चौकटीत आणि काळंपांढरं दिसतं. टीव्ही बिघडलेला नाही, अर्ध्या तासाच्या आत पडदा भरतो आणि रंग येतात. प्रेतं आणि सडलेले पाय दाखवले आहेत, म्हणून ओजसपुरताच. हिंदी सैनिक त्यात जवळपास नाहीतच, हे मला खटकतं. दहा लाखांहून जास्त माणसं इथून बाहेर लढायला गेली होती.

तुझ्या मनात येईल की टीव्हीलाच चित्रं भरू देत नाही आणि जॅक्सनला कशी देतोस. त्याने काय केलं ते उघड सांगितलं आहे, आणि मूळ फिल्म लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये जशीच्या तशी आहे. टीव्ही विचारतही नाही.

आपल्याकडचं काय? गांधींवर विठ्ठलभाई झवेरींचा 'महात्मा' आहे (१९६८). ३३ रिळं, साडेपाच तास, काळापांढरा, इंग्रजीत. एका बैठकीत कुणाच्याने होणार नाही. चाळीस-चाळीस मिनिटांचे तुकडे पाड. दांडीयात्रेचा तुकडा आधी दाखव आणि मग मागे जा. निवेदन संथ आहे, पण मूळ चित्रण इतकं एकत्र दुसरीकडे मिळत नाही. 'भारत एक खोज' (१९८८, ५३ भाग, श्याम बेनेगल) मुलांना जास्त आवडेल. फक्त एक स्पष्ट कर: ते नाट्य आहे, माहितीपट नव्हे. नसीरुद्दीन शाहांचा शिवाजी म्हणजे नटाने आणि लेखकाने लावलेला अर्थ. शिवाजी महाराजांचे दोन भाग आणि महात्मा फुल्यांचा भाग एवढे तरी बघाच. फिल्म्स डिव्हिजनचे छोटे वृत्तपटही चांगले, पण त्यांतला आवाज सरकारचा. धरणाचं उद्घाटन दिसतं, धरणात गेलेली गावं दिसत नाहीत.

ओजस दहावी झाला की आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) दाखव. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. त्यानंतर शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला. तिथून चौदा वर्षं हे चित्रण चाललं. मराठी शाहिरी सबटायटलशिवाय कळते, हा आपला फायदा. लांब आहे, दोन रात्री ठेवा.

मुलं झोपल्यावर तुम्हा दोघांसाठी आलँ रेनेचा नाझी छळछावण्यांवरचा 'नाइट अँड फॉग' सुचवतो. १९५६ चा, ३२ मिनिटांचा. त्यात फ्रान्समधल्या एका छावणीवर पहारा देणाऱ्या फ्रेंच शिपायाची टोपी दिसत होती. ती सेन्सॉरने झाकायला लावली, कारण आपलेच लोक त्यात होते हे दिसायला नको होतं. हल्लीच्या प्रतीत ती टोपी परत दिसते. क्लोद लांझमानचा ज्यूंच्या संहारावरचा 'शोआ' (१९८५) नऊ तासांहून मोठा आहे आणि त्यात एकही जुनं चित्रण नाही, फक्त माणसं आणि जागा. तो सुट्टीत, चार दिवसांत.

यूट्यूबवर मुलं स्वतःहून काही शोधतील तेव्हा दोन गोष्टी बघायला सांग. शेवटच्या नामावलीत अभिलेखागारांची आणि इतिहास सल्लागाराची नावं आहेत का? आणि फोटो कुठल्या काळाचा म्हणून दाखवतात? छायाचित्रणाची कला जाहीर झाली १८३९ मध्ये. पानिपतचा किंवा थोरल्या बाजीरावांचा 'दुर्मिळ फोटो' आला की तो संगणकाने बनवलेला. तलवार धरलेल्या हाताची बोटं मोजा, पाटीवरची अक्षरं वाचून बघा, बहुधा तिथेच उघडं पडतं.

इंटरनेटचा हिशेबही ठेव, चांगल्या प्रतीच्या चित्राला तासाला सुमारे ३ जीबी लागतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावलंस तर दिवसाचा कोटा पहिल्याच भागात संपेल. आधी उतरवून घेता आलं तर उत्तम. आणि भागानंतर वीस मिनिटं टीव्ही बंद करून बसा, लगेच पुढचा भाग आपोआप सुरू होतो ती सोयसुद्धा बंद कर.

आई विचारते, दिवाळीला चार दिवस आधी येता येईल का. मकरंदरावांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझे,
बाबा