गॅस जगात स्वस्त होईल हो, पण पंपावर?

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात वाचलं की २०२६ पासून जगात एलएनजीची (थंड करून पातळ केलेला, जहाजाने येणारा गॅस) रेलचेल होणार, कतार आणि अमेरिका नवीन प्लांट चालू करणार, भाव पडणार आणि सीएनजीवाल्यांची चांदी होणार. मी कांदिवलीत रिक्षा चालवतो, एकवीस वर्षं झाली, हे पत्र पंपाच्या लाइनीतच मोबाइलवर टाइप करतोय तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. पण चांदीबिंदी काय होईल असं मला वाटत नाही. कतारचा वर्षाला ७ कोटी ७० लाख टनावरून २०३० पर्यंत १४ कोटी २० लाख टनावर जायचा बेत आहे हे खरंय, पण पंपावरचा भाव खाली यायला आमच्या वाट्याला कुठला गॅस येतो ते बघावं लागतं, आणि नेमकं तेच तुमच्या लेखात नव्हतं.

२०२२ आठवून बघा. मी वहीत रोजचा भाव लिहितो, बायको हसते पण कामाला येतं. १ एप्रिलला राज्य सरकारने व्हॅट साडेतेरावरून ३ टक्क्यावर आणला, सीएनजी किलोला ६६ चा ६० झाला, आम्ही स्टँडवर चहा पाजला एकमेकांना. मग युक्रेनच्या युद्धामुळे युरोपने मिळेल ती जहाजं मिळेल त्या भावाने उचलायला सुरुवात केली, स्पॉटचा, म्हणजे कराराशिवाय हातोहात घेतलेल्या गॅसचा भाव ऑगस्टमध्ये एमएमबीटीयूला (गॅस मोजायचं माप) ६० डॉलरच्या वर गेला आणि आमचा सीएनजी ८६. आता पुढची गंमत बघा, त्याच महिन्यात भाव एकदम ६ रुपयांनी उतरून ८० झाला, आणि तेव्हा जगातला भाव तर आभाळाला टेकलेला होता! मग उतरला कसा? दिल्लीने शहरांना देशातला गॅस वाढवून दिला, बास. ऑक्टोबरच्या सुरुवातीला देशातल्या गॅसचाच दर वाढवला, झाला परत ८६. मी दिवसाला चारेक किलो भरतो, म्हणजे एप्रिलच्या मानाने रोज शंभर रुपये खिशातून, आणि मीटर तोच जुना कारण भाडं ठरवणार सरकारी समिती. भाडं २१ चं २३ झालं १ ऑक्टोबरला आणि तीन-चार दिवसांत गॅस वाढला. पॅसेंजर म्हणतात आत्ताच तर वाढवलं ना तुम्ही, काय बोलणार.

पुढे एप्रिल २०२३ मध्ये नवीन फॉर्म्युला आला. जुन्या फील्डचा गॅस, ज्याला एपीएम म्हणतात, त्याचा भाव कच्च्या तेलाच्या १० टक्के आणि तेव्हा साडेसहा डॉलरच्या वर न्यायचा नाही अशी मर्यादा. लगेच ८७ चा ७९ झाला, चांगलंच केलं, मी नावं ठेवत नाही. पण मुंबई हाय काय कालची नाही, १९७४ ला सापडली, जुन्या विहिरी आटत चालल्यात आणि सीएनजीच्या गाड्या वाढतच चालल्यात. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये शहरांचा एपीएमचा कोटा सलग दोनदा कापला. जो कमी पडला तो कुठून भरायचा तर नवीन विहिरींचा गॅस, तो तेलाच्या १२ टक्के, नाहीतर बाहेरून आणलेला एलएनजी, तो बाहेरच्या भावाने. म्हणजे जगातला भाव खाली आला तरी आमच्या सीएनजीत जो मिसळलेला गॅस येतो त्यात स्वस्त माल कमी आणि महाग माल जास्त पडत जाणार. त्यात बाहेरचा सगळा गॅस काय स्पॉटवर येत नाही, कतारशी २०४८ पर्यंतचा करार केलाय, असे बरेच करार तेलाच्या भावाला बांधलेले असतात. स्पॉट पडला म्हणून करारातला माल आपोआप पडत नाही.

मागणीचं पण तसंच. स्वस्त झालं की सगळेच हात पुढे करतात. २०२२ ला मोरबीचे टाइल्सवाले प्रोपेनवर गेले होते, ते भाव उतरला की परत येणार, खतवाले आहेतच, गॅसवरची बंद पडलेली वीज केंद्रं आहेत, शिवाय चीन. रिक्षावाल्याला असं स्विच मारता येत नाही.

अजून एक, साठा. युरोपवाले हिवाळ्याच्या आधी जमिनीखाली गॅस भरून ठेवतात, आपल्याकडे एलएनजीची जहाजं लागतात त्या टर्मिनलच्या टाक्या सोडल्या तर काही नाही. दाभोळच्या टर्मिनलला तर ब्रेकवॉटर (लाटा अडवणारा बांध) अर्धवट म्हणून कित्येक वर्षं पावसाळ्यात जहाजच लागायचं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रॉम्ब्याला मुख्य पाइपलाइनला धक्का लागला तर अख्ख्या मुंबईत रिक्षा-टॅक्सी आडव्या झाल्या, मी साडेचार तास लाइनीत होतो, नंबर लागला तर प्रेशर नाही, काटा पावावर अडकला, दीड किलोत सोडलं. त्या दिवशी जगात गॅसला काही तोटा नव्हता!

तेव्हा माझं एवढंच म्हणणं की सोन्याचा भाव रोज छापता तसं महिन्यातून एकदा मुंबईच्या सीएनजीत एपीएम किती, नवीन विहिरींचा किती आणि बाहेरचा किती हे कंपनीला विचारून छापा. भाव वाढणार का उतरणार ते आम्ही स्टँडवर आमचं बघून घेऊ.

आणि हो, त्या लेखात रिक्षाचं मिनिमम भाडं २३ दिलंय, ते फेब्रुवारी २०२५ मध्येच २६ झालं. दुरुस्ती टाका, सकाळपासून दोन पॅसेंजरनी पेपर दाखवून भांडण केलं.

आपला,
एक रिक्षावाला, कांदिवली पूर्व