केसांच्या रंगावरून थट्टा करणाऱ्या जाहिरातींबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, लाल केसांच्या व्यक्तींची थट्टा करणारी जाहिरात ब्रिटनमध्ये आढळल्यास केवळ आपसांत हळहळ व्यक्त न करता तेथील जाहिरात मानक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार नोंदवावी. एकच तक्रार आली तरी हे प्राधिकरण तिची दखल घेऊ शकते. त्यामुळे इतरांनी लिहिले असेलच, असे गृहीत धरू नये. २०१६ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत ‘मॅच डॉट कॉम’ या जोडीदार शोधून देणाऱ्या संकेतस्थळाने लाल केसांच्या, चेहऱ्यावर तपकिरी ठिपके असलेल्या तरुणीचे छायाचित्र लावून सोबत तिच्या रूपात उणीव असल्याचे सुचवणारा मजकूर छापला होता, आणि अनेकांनी आक्षेप घेतल्यावर कंपनीने दिलगिरी व्यक्त करून त्या जाहिराती काढल्या. एमसी१आर या जनुकातील बदलांमुळे येणारा केसांचा हा लाल रंग कोणी निवडलेला नसतो. शाळेत त्यावरून चिडवल्या जाणाऱ्या मुलांना तीच थट्टा मोठ्या फलकावर वाचावी लागणे आम्हाला अत्यंत क्लेशदायक वाटते. तक्रारीत जाहिरातीचे ठिकाण, तारीख व नेमके शब्द नमूद करावेत आणि शक्य असल्यास छायाचित्र जोडावे. जाहिरातीत दिसणाऱ्या कलाकाराविषयी मात्र काहीही लिहू नये, कारण मजकुराची जबाबदारी जाहिरातदाराची असते.