आधी दुखणे शोधा, मग पॅकेज द्या

महोदय,

कोकणात काजू कारखाने तोट्यात गेले की कर्जमाफीची मागणी होते. आमचा तिला विरोध आहे. चार किलो बीतून साधारण एक किलो गर निघतो. बी १५० रुपये किलोने घेतली, तर मजुरी आणि वीजबिल धरण्याआधीच गर ६०० रुपयांना पडतो. त्यात मार्च ते मे या हंगामात घाईघाईने घेतलेली ओलसर बी नीट न वाळवता गोदामात भरली, तर पावसाळ्यात तिला बुरशी लागते, गर डागाळतो आणि अख्ख्या गराचा भाव मिळत नाही. कर्ज माफ केल्याने बी वाळत नाही. पुढच्या वर्षी तोच माल आणि तोच तोटा.

दुखणे न शोधता मदत दिल्याचे मोठे उदाहरण गुहागरातच आहे. एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडला. २००५ मध्ये एनटीपीसी, गेल आणि बँकांच्या भांडवलावर ‘रत्नागिरी गॅस’ कंपनी उभी राहिली. यंत्रे दुरुस्त झाली, पण खरे दुखणे इंधनाचे होते. प्रकल्पाला मिळणारा कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला नैसर्गिक वायू आटला आणि २०१३ मध्ये वीजनिर्मिती थांबली. एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) उतरवण्याच्या जेटीला लाटा अडवणारा बांध नव्हता, त्यामुळे ऐन पावसाळ्यात जहाजे लागत नसत. (कोकणात पाऊस पडतो, हे कुणाला ठाऊक नव्हते?)

मदतीच्या अर्जासोबत तीन वर्षांचा गराचा उतारा (किती बीतून किती गर निघाला), गोदामातील बीचा ओलावा आणि मालकाने स्वतः घातलेली रक्कम सक्तीने मागवावी.

– काही वाचक, गुहागर