रेकॉर्डिंग आधीचं, आजार नंतरचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गारच्या सेलो कन्चेर्तोवर आणि जॅकलिन द्यु प्रे या सेलोवादक बाईनं वाजवलेल्या त्याच्या गाजलेल्या रेकॉर्डिंगवर लेख आला. (सेलो म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, कन्चेर्तो म्हणजे एका वाद्यानं ऑर्केस्ट्रासोबत वाजवायची रचना.) दारव्हा तालुक्यात येणाऱ्या पेपरात हा विषय निघेल असं वाटलं नव्हतं. मी पान जपून ठेवलं आहे. पण एक गोष्ट खटकली. लेखाचा सगळा सूर असा, की द्यु प्रे त्यात स्वतःच्या आजाराचं दुःख वाजवते आहे. सोबतचा फोटोही चाकाच्या खुर्चीतला.

साहेब, हिशेब जुळत नाही. रेकॉर्डिंग ऑगस्ट १९६५ चं, लंडनच्या किंग्जवे हॉलमधलं. तिचा जन्म २६ जानेवारी १९४५ चा (आपल्या प्रजासत्ताकापेक्षा बरोब्बर पाच वर्षांनी मोठी), म्हणजे तेव्हा ती २० वर्षांची होती. मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचं निदान झालं १९७३ मध्ये. वारली १९८७ मध्ये, वय ४२. आठ वर्षांनी कळणाऱ्या आजारासाठी कोणी आधीच रडून ठेवतं का?

मी हरभरा-तूर पिकवणारा माणूस. संगीताचं शिक्षण म्हणाल तर गावच्या भजनात खंजिरी. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलीनं हे मोबाइलमध्ये भरून दिलं तेव्हा ‘एल्गार’ वाचून मला आधी मोर्चाचं गाणं वाटलं होतं. तीन हिवाळे झाले, ऐकतो आहे. रब्बीत आमच्याकडे थ्री-फेज बहुतेक रात्रीची. एक वाजता मोटार चालू करायची, स्प्रिंकलर फिरायला लागले की धुऱ्यावर घोंगडं घेऊन बसायचं, पाइप बदलायची वेळ होईपर्यंत. रानडुकरांसाठी बॅटरी हाताशी. चारही भाग मिळून अर्ध्या तासाचा मामला, एका बैठकीत दोनदा होतो.

सुरुवातीला सेलो एकटाच जड, रुंद स्वर ओढतो. मग तो थांबतो आणि व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडी मोठी वाद्यं), कुणाचीही साथ न घेता, एक चाल धरतात. रिकामी बैलगाडी उतारावरून डुलत यावी तशी. ती चाल सेलो उचलतो, वर वर नेतो, अगदी टोकाला पोचवतो आणि तिथं सगळा ऑर्केस्ट्रा अंगावर येतो. ही चढण ऐका. मला तरी त्यात दुखणं ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी नांगराला जुंपलेली तरणी जोडी ऐकू येते. दुसरा भाग तर मोटार हवा ओढते तसा आहे: थोडं पाणी, खोकला, पुन्हा थोडं पाणी, आणि मग एकदम धार. ती बारीक, भरभर धार एखादी आजारी बाई वाजवते आहे, असं छातीवर हात ठेवून कोणी म्हणावं.

तिसऱ्या भागाबद्दल मी फार लिहीत नाही. पाच मिनिटांच्या आसपासचा आहे. तो चालू असताना पाइप बदलायची वेळ झाली तरी मी उठत नाही, इतकंच. एकदा घरी लावला तर आतून बायको म्हणाली, “कोण रडून राह्यलं जी?”

म्हणजे रडणं आहे, ते मी नाकारत नाही. पण ते एल्गारचं. १९१८ मध्ये टॉन्सिलचं ऑपरेशन होऊन तो घरी आला, कागद-पेन्सिल मागितली आणि ती डुलती चाल उतरवून ठेवली. पुढं ससेक्समधल्या ब्रिंकवेल्स या भाड्याच्या घरात राहताना रात्री समुद्रापलीकडून, फ्रान्समधल्या लढाईतल्या तोफा ऐकू यायच्या. कन्चेर्तो पुरा झाला १९१९ मध्ये, वयाच्या ६२ व्या वर्षी. २७ ऑक्टोबरला लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये पहिला प्रयोग झाला, तालमीला पुरेसा वेळच मिळाला नव्हता, प्रयोग पडला. त्या रात्री ऑर्केस्ट्रातल्या सेलोवाल्यांत १९ वर्षांचा एक पोरगा बसला होता, जॉन बार्बिरोली. १९६५ मध्ये द्यु प्रेसोबत ऑर्केस्ट्रा चालवणारा म्हातारा तो हाच. जुनी आठवण त्या हॉलमध्ये कोणी आणली असेल तर त्यानं. पोरीनं हात आणले होते.

मला हे इतकं का लागलं, तेही सांगतो. मागच्या वर्षी एक वार्ताहर गावात आले होते. दुपारची वेळ, मी लिंबाखाली टेकून डोळे मिटून बसलो होतो, एक हात कपाळावर. त्यांनी फोटो काढला. छापून आला तेव्हा खाली ओळ होती, हताश शेतकरी. कानातली वायर शेल्याखाली झाकली गेली होती, त्यांना दिसली नसेल. दोन दिवस सोयऱ्यांचे फोन. अमरावतीचा साळा तर मोटारसायकल काढून आला, मला सुखरूप पाहून त्यानं आधी चहा मागितला, मग शिव्या दिल्या. कर्ज आहे, नाही असं नाही. पण त्या वेळी मी कर्जाचा विचार करत नव्हतो, चौथा भाग संपत आला होता. त्यात तिसऱ्या भागाची चाल एकदा डोकावून जाते, मग अगदी सुरुवातीचे ते जड स्वर परत येतात, आणि मग झपाट्यानं खेळ संपतो. ती जागा डोळे उघडे ठेवून ऐकता येत नाही.

खुलासा छापणार असाल तर १९६५ आणि १९७३ ही दोन्ही सालं द्यावीत. आणि फोटो तिचा सेलो वाजवतानाचा लावावा.

आपला,
एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ