मंजूस, फोल्डर उघडं करण्याआधी

प्रिय मंजू,

आपल्या शिकवण्याच्या साहित्याच्या फोल्डरचं भाषांतर करून वापरू का, असं विचारणारं पत्र आलंय. विकासात्मक मानसशास्त्राच्या तासिका आणि संशोधन पद्धतींची प्रात्यक्षिकं, दोन्ही हवंय त्यांना. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल, "मग देऊन टाका की!" माझा जीव कुठे अडकलाय ते फक्त तुला कळेल. देऊन टाकायला ते आधी आपलं असायला हवं, आणि त्यातलं किती आपलं, किती कुठून उचललेलं, हे तुझ्या-माझ्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

पाठ बरी आहे, औषधं चालू आहेत. ते झालं.

आधी परवान्यांचा गुंता. ओपनस्टॅक्सच्या मोफत मानसशास्त्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीतून घेतलेल्या भागाची चिंता नाही. तो सीसी बाय ४.० या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे, म्हणजे श्रेय द्यायचं आणि काय बदललं ते सांगायचं. मग भाषांतर करा, कापा, जोडा. फक्त त्यातल्या चित्रांखालच्या श्रेयओळी एकेक वाचायला लागतील, कारण पुस्तक एका परवान्याखाली आणि आतलं छायाचित्र दुसऱ्याच कुणाचं, असं असतं. नोबा या मोफत पाठ्यपुस्तकांच्या संकेतस्थळावरची प्रकरणं बाय-एनसी-एसए; एनसी म्हणजे व्यापारी वापर नाही. झांगियानी-कटलर मंडळींचं संशोधन पद्धतींचं पुस्तक, ज्यावरून आपल्या प्रस्तावना बेतल्यात, तेही बाय-एनसी-एसए. आणि डॅनिएल नवारोचं संख्याशास्त्र बाय-एसए. अडचण इथे आहे. एसए म्हणजे बदललेलं लिखाण त्याच परवान्याखाली पुढे द्यायचं. एक परवाना व्यापारी वापराला मुभा देतो, दुसरा नाकारतो. नवारोचे दोन परिच्छेद आणि नोबाचे दोन परिच्छेद मिसळून एकच टिपण केलंस, तर ते कुठल्याच परवान्याखाली देता येत नाही. दोन वेगळ्या फायली, प्रत्येकीवर तिचा परवाना, असं शेजारी शेजारी ठेवलं तर चालतं. म्हणून चौथ्या प्रात्यक्षिकाचं टिपण सोडवून दोन फायली करायच्या, याला पर्याय नाही. ज्याच्यावर एनडी, म्हणजे बदल करून वाटायचं नाही, असं लिहिलंय ते सरळ बाहेर. भाषांतर हा बदलच धरतात, त्यामुळे या लोकांना ते करून वाटता येणारच नाही.

यासाठी एक तक्ता कर. प्रत्येक चित्र, उतारा, विदा-फाईल (विदा म्हणजे डेटा), चित्रफीत यांची एकेक ओळ, आणि रकाने असे: शीर्षक, कर्ता, कुठून घेतलं, परवाना, आपण काय बदललं. एखादा रकाना रिकामा राहिला तर ती वस्तू फोल्डरात जात नाही, कितीही लाडकी असली तरी. मग शैलाचा तो मेंदूचा आलेख असो नाहीतर सरांच्या हस्ताक्षरातली पियाजेची सारणी, जी सरांना स्वतःलाही भिंग घेऊन वाचावी लागायची!

नियतकालिकांतल्या आकृत्यांचं काम वाटतं तेवढं अवघड नाही. आकडे कुणाच्या मालकीचे नसतात, रेखाटन असतं. मूळ आकडे घेऊन आलेख नव्याने काढायचा आणि आकडे कुठले ते लिहायचं. सॅली-ॲनच्या चित्रपट्टीचंही (सॅली बाहेर गेल्यावर ॲन तिचा चेंडू दुसरीकडे लपवते, ती) तसंच: प्रयोगाची पद्धत वापरता येते, ते विशिष्ट चित्र नाही. नव्याने काढशील तेव्हा नियंत्रण प्रश्न घाल. बहुतेक ठिकाणी "सॅली चेंडू कुठे शोधेल?" एवढ्यावरच चित्र संपतं. "चेंडू खरा कुठे आहे?" आणि "सुरुवातीला कुठे होता?" हे दोन प्रश्न गाळले तर मूल गोष्ट विसरलं की दुसऱ्याच्या मनातली चुकीची समजूत त्याला ओळखता आली नाही, हे वेगळं काढताच येत नाही. १९८५ च्या अभ्यासात २० स्वमग्न मुलांपैकी १६ मुख्य प्रश्नाला चुकली, पण नियंत्रण प्रश्नांना सगळ्यांनी बरोबर उत्तरं दिली. त्या निष्कर्षाचा सगळा जोर या दुसऱ्या अर्ध्या वाक्यात आहे.

चित्रफितींवर मात्र मी अजिबात ढिली पडणार नाही. फुकट बघायला मिळते म्हणून ती आपल्या फोल्डरात घालायची परवानगी मिळत नाही. दुवा द्यायचा, फाईल नाही. डेटाब्रेरी या संशोधन-चित्रफितींच्या संग्रहातल्या नोंदी तर त्याहून नाजूक. तिथे संस्थेच्या करारावर प्रवेश मिळतो, आणि कोणता तुकडा वर्गात दाखवायचा हे त्या मुलाच्या पालकांनी दिलेल्या परवानगीच्या पातळीवर ठरतं. त्यातलं काहीही उतरवून पुढे पाठवायचं नाही. विद्यार्थ्यांनी स्वतः केलेली लहान मुलांची चित्रणंही काढून टाक. पालकांनी वर्गासाठी दिलेली संमती जगासाठी नसते. प्रमाणित चाचण्यांतले प्रश्नही काढ: एक तर ते कुणाच्या तरी मालकीचे, आणि उघडे पडले की चाचणी निकामी होते.

आता खरी गोष्ट. माझ्या मते या फोल्डरात देण्याजोगं जे आहे ते स्लाइड नाहीतच. व्याख्या सगळीकडे मिळतात. दोन्ही विषय एकाच विदेवर शिकवणारी प्रात्यक्षिकं मिळत नाहीत. विकासाच्या तासाला "बाळांना बाळबोली (मोठी माणसं बाळांशी लाडाने बोलतात ती) आवडते" पाठ करायचं आणि पद्धतींच्या तासाला कुठल्या तरी काल्पनिक औषधाचा टी-टेस्ट करायचा, यातून मुलांना दोन्हींचा संबंध कधी लागणार?

मेनीबेबीज या अनेक प्रयोगशाळांच्या प्रकल्पाचंच घे. बाळबोलीला बाळं किती पसंती देतात यावर २०२० साली ६७ प्रयोगशाळांनी मिळून २,३२९ बाळांची विदा प्रसिद्ध केली, आणि ती सगळी ओपन सायन्स फ्रेमवर्कवर आहे. आधीच्या महाविश्लेषणात, म्हणजे जुने अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, परिणामाचं माप ०.६७ होतं, इथे ०.३५ निघालं. प्रत्येक गटाला एका प्रयोगशाळेची विदा द्यायची. विदा उघडण्याआधी अपेक्षा आणि वगळण्याचे नियम लिहून घ्यायचे, तारीख टाकून. मग प्रत्येक गटाने आपला सरासरी फरक आणि विश्वासांतर (खरा फरक ज्या दोन आकड्यांमध्ये असावा ती पट्टी) काढायचं, आणि फळ्यावर सगळ्यांची अंतरं एकाखाली एक मांडायची. लहान नमुन्यांची अंतरं केवढी पसरतात, काही तर शून्याच्या पलीकडे जातात, हे फळ्यावर दिसलं की "पुनरावृत्ती फसली" हा शब्द मुलं जपून वापरतात.

यात चूक हमखास एकाच जागी होते. विदेत प्रत्येक फेरीची वेगळी ओळ असते आणि एका बाळाच्या १६ फेऱ्या. २० बाळांच्या ३२० ओळी होतात, आणि मुलं नमुना ३२० धरून बसतात. प्रमाण त्रुटी खोटी लहान होते आणि सगळंच लक्षणीय दिसायला लागतं. म्हणून पहिली पायरी कायम हीच: प्रत्येक बाळाची दोन्ही प्रकारांची सरासरी काढून एक बाळ, एक ओळ. दुसरी गल्लत वयाची. वय दिवसांत की महिन्यांत हे रकान्यांच्या यादीत लिहिलेलं नसेल तर निम्मा वर्ग चुकीचा आलेख काढतो. म्हणूनच प्रत्येक विदा-फाईलबरोबर रकान्यांची यादी हवी: नाव, अर्थ, एकक, न मिळालेली किंमत कशी दाखवलीय. आणि फाईल सीएसव्हीतच दे, म्हणजे जासप, जामोवी, आर, संख्याशास्त्राच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडेल.

चाइल्ड्सचं, म्हणजे मुलांच्या बोलण्याच्या उताऱ्यांच्या संग्रहाचं, प्रात्यक्षिक तुझं, आणि ते सगळ्यात चांगलं आहे. रॉजर ब्राउनने जिचं बोलणं टिपलं त्या छोट्या ईव्हची उताऱ्यांची मालिका घ्यायची, सलग १०० उद्गार मोजायचे, न कळलेले गाळायचे, सरासरी लांबी काढायची. पण मोजण्याचे नियम पानाच्या वरच छाप: अडखळून पुन्हा म्हटलेला शब्द एकदाच धरायचा, जोडरूप एक की दोन, गाण्यातल्या ओळी धरायच्या का. नाहीतर दोघांचे आकडे जुळत नाहीत आणि मुलं एकमेकांना दोष देतात. आधी हाताने, मग क्लॅन या सॉफ्टवेअरने. हाताने मोजल्याशिवाय यंत्राचा आकडा कशाचा आहे हे कळत नाही.

त्यालाच जोडून कप्पाचं, म्हणजे योगायोगाची सहमती वजा करून उरणाऱ्या सहमतीच्या मापाचं, उदाहरण घाल. १०० उद्गार, दोन मोजणारे, "उत्स्फूर्त" की "अनुकरण" एवढंच ठरवायचं. दोघांनी मिळून ८५ ला उत्स्फूर्त म्हटलं, ५ ला अनुकरण, आणि १० वर मतभेद, ५-५. सहमती ९० टक्के, वर्ग खूश. पण दोघंही १०० पैकी ९० ला उत्स्फूर्त म्हणतायत, म्हणजे योगायोगानेच ०.८१ अधिक ०.०१, ०.८२ सहमती होणार. कप्पा येतो ०.०८ भागिले ०.१८, साधारण ०.४४. वर्ग गप्प. सरासरी लांबीसारख्या आकड्यांना कप्पा लावायचा नाही, तिथे अंतर्वर्गीय सहसंबंध; हे ठळक लिही, दरवर्षी कुणीतरी लावतंच.

मार्शमेलोच्या प्रयोगावरून (समोरची मिठाई लगेच न खाता थांबलं तर मुलाला जास्त मिळते, तो) आपलं जे भांडण झालं होतं ते मी अजून सोडलेलं नाही! २०१८ च्या वॉट्स, डंकन आणि क्वान यांच्या अभ्यासात ९१८ मुलं होती. थांबण्याचा आणि १५ व्या वर्षीच्या यशाचा संबंध मूळच्या साधारण निम्मा निघाला, आणि घरची परिस्थिती, सुरुवातीची बौद्धिक क्षमता वगैरे धरल्यावर त्यातलाही दोन-तृतीयांश गळाला. तू म्हणायचीस की त्याच वयातली बौद्धिक क्षमता नियंत्रित केली तर आत्मसंयमाचाच एक तुकडा कापला जातो. तो मुद्दा खरा आहे, हे मान्य. पण म्हणून प्रात्यक्षिक काढून टाकायचं नाही, तुझा आक्षेप त्यातच प्रश्न म्हणून घालायचा: कोणतं चल कारणाच्या आधीचं, कोणतं वाटेतलं? बाण काढून दाखवा. आणि तिथे मुलांना जास्तीत जास्त ७ मिनिटंच थांबायचं होतं, हेही द्यायला हवं. निम्म्याहून अधिक मुलं शेवटपर्यंत थांबली, त्यामुळे वरच्या टोकाला फरक दिसायला जागाच उरत नाही.

शिक्षकांसाठीच्या उत्तरसूचींबद्दल आता माझं मत बदललंय, तुझ्या बाजूने. उघड्या ठेवू, पण प्रत्येक गटाला विदेतून यादृच्छिक वेगळा नमुना काढून देऊ, बीजसंख्या (यादृच्छिक निवड जिथून सुरू होते तो आकडा) त्या गटाच्या क्रमांकाची. मग उत्तराचा आकडा नकलून काही मिळत नाही, आणि नवख्या शिक्षकाला आकडे कसे यायला हवेत तेही कळतं. फक्त नमुना काढताना बाळं निवडायची, ओळी नाही.

परवान्याचं मात्र अजून ठरायचंय. तुला एनसी हवंय, कुणी छापून विकू नये म्हणून. पण शुल्क घेणाऱ्या संस्थेने वापरलं तर, छपाईवाल्याने चार पैसे मिळवले तर, असे प्रश्न निघतात आणि भिडस्त शिक्षक घेतच नाहीत. माझं म्हणणं, पूर्णपणे आपलं आहे ते बाय खाली देऊ. नोबावर बेतलेलं एनसी-एसए राहीलच, तिथे आपल्या हातात काही नाही. घाई करू नकोस, कारण एकदा दिलेला परवाना दिलेल्या प्रतींपुरता मागे घेता येत नाही. ठरलं की झेनोडो या उघड्या साठवण-संकेतस्थळावर टाकू. तिथे प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, मिळतो आणि सगळ्यांना मिळून एक, म्हणजे जुनं वापरणाऱ्याचं काही मोडत नाही. पीडीएफबरोबर बदलता येणारी मूळ फाईल हवीच, आणि चित्रांना शब्दांत वर्णन.

नवीन घर लागलं का नीट? ईशाच्या निकालाचं शैलाकडून कळलं, फार आनंद झाला, तिला सांग. तुझं त्या समितीचं काय झालं ते सविस्तर लिही, फोनवर नको.

तक्त्याच्या पहिल्या तीन तासिका मी भरते, चौथीपासून पुढच्या तुझ्या. चाइल्ड्सच्या उताऱ्यांची मूळ नावं तुझ्याच वहीत आहेत, ती आधी पाठव. त्यांच्याशिवाय श्रेयाची ओळ लिहिता येत नाही.

तुझी,
सुमी