बाबांच्या नव्या गोळीबद्दल

नौपाडा, ठाणे

चि. सौरभ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू बाबांना म्हणालास, "मन खंबीर करा." फोन ठेवला आणि ते भिंतीकडे तोंड करून पडले, जेवायलाही उठले नाहीत. तुझी माया कळते रे, पण असं पुन्हा म्हणू नकोस. पक्षाघात झाल्यापासून मीही तीन महिने तेच करत होते. रोज संध्याकाळी तलावपाळीला चक्कर मारणारा माणूस गॅलरीतसुद्धा येईना, दाढी करेना, व्यायामाला नको म्हणे, तर मी त्यांना आळशी म्हटलं. त्याचं फार वाईट वाटतं. शेवटी फिजिओथेरपीच्या ताईंनी ओळखलं. "काकू, हातात ताकद येतेय, पण त्यांचं मन लागत नाहीये. डॉक्टरांना सांगा."

डॉक्टर म्हणाले, पक्षाघात झालेल्या तिघांपैकी साधारण एकाला नैराश्य येतं. मेंदूला झालेली इजाही त्याला कारण असते, शिवाय उजवा हात गेला, शब्द अडले, याचं दुःख आहेच. बाबांना नीट बोलता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी मलाच विचारलं: झोप कशी, जेवण किती, रडतात का. रात्री तीनला ते जागे असतात हे मी रोज बघत होते, पण ती सांगायची गोष्ट आहे हे लक्षातच आलं नव्हतं.

नैराश्यावरची सर्ट्रालिन नावाची गोळी सुरू केली आहे. गुण यायला काही आठवडे लागतात आणि बरं वाटलं तरी आपल्या मनाने बंद करायची नाही. रक्त पातळ करायची गोळीही चालू आहे आणि दोन्ही मिळून रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून अंगावर काळेनिळे डाग दिसतात का ते मी पाहते.

अशा गोळीने हातही सुधारतो का, असं तू विचारलंस. मीही आशेने विचारलं होतं. २०११ मध्ये फ्रान्समधल्या एका छोट्या अभ्यासात तसं दिसलं होतं. पण २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या ३ हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात फ्लुओक्सेटिन या त्याच प्रकारच्या गोळीने नैराश्याचं प्रमाण कमी झालं, हातपाय मात्र सुधारले नाहीत, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. तेव्हा हातासाठी व्यायामच. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतलाय.

फोन रोज कर. हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचार, आणि ते शब्द शोधत असले की वाक्य तू पुरं करू नकोस, थांब. या गोळीने रक्तातलं सोडियम कमी होऊ शकतं, म्हणून शनिवारी ते तपासायचंय. जमलं तर ये, रिक्षात बसवायला दोन माणसं लागतात.

तुझी आई